पियानो बघायचा कार्यक्रम

आमचे व्याही कशावरही विश्वास ठेवत नाहीत. देव तर आम्हा दोघांच्याही घरांनी वडिलांच्या पिढीतच सोडला, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण व्याह्यांचा विश्वास डॉक्टरांच्या यंत्रावर नाही, दुकानदाराच्या काट्यावर नाही, पाकिटावर छापलेल्या तारखेवर नाही आणि हवामानाच्या अंदाजावर तर मुळीच नाही. उद्या सकाळी सूर्य उगवला तरी ते आधी पूर्वेकडच्या भिंतीला तळहात लावतील, भिंत कोमट लागली की "हं, आलाय" म्हणतील आणि मगच खिडकी उघडतील. परळीच्या वीज केंद्रात बॉयलरशेजारी त्यांची सारी नोकरी गेली. "गेज खोटं बोलतं, पाइप खोटं बोलत न्हाई," हे त्यांचे तत्त्वज्ञान. निवृत्त झाल्यावर बॉयलर मागे राहिला, तत्त्वज्ञान तेवढे घरी आले.

माझी त्यांची पहिली भेट माझ्या मुलीला, प्रज्ञाला, बघायला ते बीडला आले तेव्हा झाली. आम्ही घर झाडूनपुसून, पोहे परतून बसलो होतो. मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे लोकांनी न बोलता बसण्याची मला सवय आहे. पण हे न बोलणे वेगळेच होते. व्याह्यांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ पाहिले. मग खिशातून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढला (होय, मुलगी बघायला आलेला माणूस खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला होता), त्याचे टोक आमच्या फ्रीजला टेकवले, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर छाती तपासताना आपण जसा श्वास रोखतो तसा आमच्या अख्ख्या घराने श्वास रोखला. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. व्याही ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले, माझी बायको घाबरून भिंतीला चिकटली. बाहेर येऊन ते म्हणाले, "मुलगी पसंत हाय. गास्केट बदला." आम्ही दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. गास्केट त्याच संध्याकाळी बदलले आणि लग्न पुढच्या हिवाळ्यात झाले.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणे ही एक शिक्षा आहे. एकदा परळीच्या बाजारात त्यांनी टरबूज घ्यायला घेतले. टिचकी मारून पाहिली, उलटे करून देठ पाहिला, कानाशी धरून हलवले, मग दुसरे घेतले, मग दोन्ही एकाच वेळी दोन कानांशी धरली. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. गाड्यावरचे पांढऱ्या दाढीचे चाचा शांतपणे म्हणाले, "इंजिनेर साब, टरबूज लेना है के उसके संग शादी करनी है?" व्याही हसलेसुद्धा नाहीत. "शादी अशीच करावी," म्हणाले आणि तिसरे टरबूज उचलले. डॉक्टरकडे गेले की दंडाला पट्टा बांधू देण्याआधी ते विचारतात, "ह्याचं कॅलिब्रेशन कधी केलतं?" त्यांचा रक्तदाब नेहमी व्यवस्थित निघतो. डॉक्टरांचा किती होत असेल ते कुणी मोजलेले नाही.

या सगळ्या तपासणीतून एकच माणूस सुटले होते. ते म्हणजे आमच्या विहीणबाई. भाजीत मीठ बरोबर आहे असे त्या म्हणाल्या की व्याही न चाखता ताटावर बसत. विहीणबाई पेटी वाजवायच्या. शिकवायला कुणी गुरू नव्हता. कानाने ऐकून शिकल्या होत्या, आणि वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला बायका जमल्या की त्यांच्या पेटीशिवाय कुणी सूर लावत नसे. व्याही कधी आत जाऊन ऐकायला बसले नाहीत. "आपल्याला गाण्यातलं काय कळतंय," म्हणायचे आणि विहाराबाहेर स्कूटर लावून तिचा प्लग साफ करत बसायचे. गाणी दोन तास चालली तर प्लग दोन तास साफ व्हायचा. मराठवाड्यात तेवढा स्वच्छ प्लग दुसऱ्या कुणाच्या स्कूटरला नसेल.

दोन वर्षांपूर्वी विहीणबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला आणि बोलणे अडखळले. शब्द येतात, पण एकेक करून, जिना चढणाऱ्या थकल्या माणसासारखे, पायरीपायरीवर थांबत. आपण माणसे तेवढे थांबत नाही. त्या "पा…" म्हणाल्या की कुणीतरी पाणी आणून देई. मग त्यांना 'पावडर' म्हणायचे होते की 'पाऊस', ते कळायचेच नाही, त्या पाणी पिऊन घ्यायच्या. पेटी त्यांनी विहाराला देऊन टाकली. घरातली सगळी कामे त्यांच्या हातून काढून घेण्यात आली, अर्थात प्रेमानेच. त्या दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या, आणि व्याही दर तासाला येऊन त्यांच्या उजव्या मनगटाला हात लावून पाहायचे, गरम आहे की गार.

अशात एके दिवशी त्यांचा फोन आला. "व्याही, एक यंत्र सापडलंय."

परळीतल्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचे नातू सरकीचे गोदाम रिकामे करत होते. व्याही तिथे एक मोटार बघायला गेले होते, आणि पोत्यांच्या मागे त्यांना पियानो दिसला. हैदराबादहून कधीकाळी आणलेला, आपोआप वाजणारा. म्हणजे पूर्ण आपोआप नव्हे. त्यात भोके पाडलेल्या कागदाचे भेंडोळे बसवायचे आणि खाली बसून पायांनी दोन पायटी, म्हणजे पेडल, हलवायची. आत चामड्याचे भाते असतात, ते हवा ओढतात; कागदातले भोक पुढे आले की हवा आत शिरते आणि ती ती पट्टी खाली जाते. फोनवर हे सांगताना व्याह्यांचा आवाज चढत गेला. "उलटा बॉयलर हाय हो! आमच्याकडं आत दाब असतोय, हितं आत पोकळी. हात लागतच न्हाई. नुसते पाय. सिद्धार्थच्या आईला हात न्हाई, पण पाय तर हाय का न्हाई? पायाला व्यायाम, घरात गाणं. आणखी काय पाहिजे?" सलग एवढे बोललेले व्याही मी तोवर ऐकले नव्हते.

पण पुण्याला संगणकात नोकरी करणाऱ्या सिद्धार्थने, म्हणजे आमच्या जावयाने, ही कल्पना ऐकताच दुसरा पियानो पुढे केला. त्याच्या एका वर्गमित्राने अंबाजोगाईच्या रस्त्यावर झकपक मंगल कार्यालय बांधले होते आणि दर्शनी दालनात हौसेने नवा कोरा, विजेवर चालणारा, खराखुरा आपोआप वाजणारा पियानो आणून ठेवला होता. फोनवरून गाणे निवडायचे, की पट्ट्या आपल्या आपण खालीवर होतात. झाले असे, की एका लग्नात वधूच्या आजीने रिकाम्या खुर्चीसमोर नाचणाऱ्या पट्ट्या पाहिल्या, भूत वाजवतेय म्हणून आरडाओरडा केला आणि वऱ्हाड जेवण सोडून अंगणात जाऊन बसले. तेव्हापासून दोन लग्नांची बुकिंगे मोडली आणि मित्र तो पियानो कुणाच्या तरी गळ्यात मारायला टपला होता.

झाले, बापलेकांत जुंपली. पैशाची अडचण नव्हती, व्याह्यांनी निवृत्तीची रक्कम जपून ठेवली होती. अडचण होती ती दोघांच्या मानेतल्या ताठ्याची. "तो जुना डबा आहे पप्पा, उद्या त्यात उंदीर निघतील." "तुझ्या डब्यात लाइट गेल्यावर काय निघतंय? कंट्रोलर जळाला की फेक उकिरड्यावर." "आईला पायटी हलवायला लावणार तुम्ही?" "मग काय आईला शोकेसमध्ये ठिऊ?" हे सगळे फोनवर, आणि दोघेही मला मधे घेऊन. मुलीच्या बापाला मत नसते. मत विचारले की चहा मागायचा, हा मी घालून घेतलेला नियम. त्या आठवड्यात मी इतका चहा मागितला की बायकोने साखर लपवली. शेवटी बापलेकांचे बोलणेच बंद झाले. सासूसाठी परळीला येऊन राहिलेली प्रज्ञा रडवेली होऊन फोन करी, "बाबा, हे दोघं फोन स्पीकरवर टाकून आईंच्या देखत भांडतात आणि आई नुसत्या बघत बसतात." वर घाई अशी, की जुन्या पियानोसाठी हैदराबादचा एक जुन्या सामानाचा व्यापारी रविवारी टेम्पो घेऊन येणार होता, आणि नव्यासाठी लातूरचे एक गिऱ्हाईक खोळंबले होते. शनिवारी सगळ्यांनी मिळून दोन्ही बघायचे आणि काय तो निकाल लावायचा, असे ठरले. मला साक्षीदार म्हणून बोलावणे आले. निकाल कसाही लागला तरी एकजण माझ्या मुलीच्या घरात तोंड फिरवून बसणार, हे मला बीडहून निघतानाच दिसत होते.

गोदामात सरकीचा उग्र, तेलकट वास होता. मधोमध तो काळा पियानो उभा, एक पाय विटेवर. व्याही गेला आठवडाभर रोज तिथे येऊन खपत होते. फाटलेल्या रबरी नळ्यांच्या जागी त्यांनी सायकलच्या ट्यूबा कापून बसवल्या होत्या. शेठजींचे नातू कौतुकाने बघत होते. व्याही आधी स्वतः बसले, भेंडोळे चढवले आणि पाय मारू लागले. आतून एक धाप ऐकू आली आणि एकदम कुठल्यातरी परदेशी नाचाची गत सुरू झाली. पट्ट्या भराभर खाली जाऊ लागल्या. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. खरे सांगतो, मला ते फार आवडले. व्याह्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. सिद्धार्थ मात्र हाताची घडी घालून दारात उभा होता.

"आता तुमी बसा," व्याही विहीणबाईंना म्हणाले.

त्यांना धरून बसवले. डावा पाय पायट्यावर ठेवला, उजवा व्याह्यांनी स्वतः उचलून ठेवला. त्या पाय मारू लागल्या. गत सुरू झाली, पण लंगडी. डावा पाय पडला की उसळी मारायची, उजव्याला मान टाकायची. व्याही खाली बसून भात्यांकडे बघत होते. "बरोबर. अजून. पोकळी कमी पडती, जरा जोरात. अजून. उजवा, उजवा, उजवा. आता आलं बघा, सोडू नका…" मी विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वरच्या ओठावर घाम आला होता. त्या थांबत नव्हत्या. नवऱ्याने सांगितले म्हणून त्या पाय मारत होत्या, आणि चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता. मला तोंड उघडायचे होते. मुलीच्या बापाच्या तोंडाला कुलूप होते.

"पप्पा, पुरे!" प्रज्ञा किंचाळली. "भात्याकडं काय बघताय, आईंकडं बघा!"

व्याह्यांनी वर पाहिले. विहीणबाईंचे पाय थांबले आणि ती गत एक लांब कण्हणे काढून विझली. प्रज्ञाने त्यांना धरले, पदराने वारा घातला. दुसरा झटका येऊ नये म्हणून जपा, असे डॉक्टरांनी बजावलेले सगळ्यांना एकदमच आठवले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला तेव्हा सिद्धार्थ अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला हे आईसाठी नकोच होतं. तुम्हाला नवा बॉयलर पाहिजे होता."

तो ओरडला असता तर बरे झाले असते. रुमाल काढून व्याही पायटी पुसू लागले, स्वच्छ होती तरी पुसत राहिले. मी म्हणालो, "चहा घेऊ या का?" माझ्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही.

"च…ला," विहीणबाई म्हणाल्या.

गाडीत व्याही पुढे बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीच्या इंजिनबद्दल काही सांगितले नाही.

मंगल कार्यालयात दुपारच्या लग्नाची धांदल चालली होती. झेंडूच्या माळा चढत होत्या, बाहेर डीजेचे खोके उतरत होते. सिद्धार्थच्या मित्राने बजावले, "वऱ्हाड यायच्या आत उरका भावा. पुन्हा कुणी भूत बघितलं तर मला हॉटेल काढावं लागंल." कोपऱ्यात तो पियानो होता, काळा, आरशासारखा. सिद्धार्थने फोनवर बोट टेकवले. पट्ट्या आपोआप दबू लागल्या आणि एक अतिशय सुरेख, कुठेही न चुकणारे संगीत दालनात पसरले. "बघ आई," सिद्धार्थ म्हणाला, "तुला काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं."

विहीणबाईंनी मान खिडकीकडे वळवली. घरी खुर्चीत बसल्या की वळवायच्या तशीच.

ते सिद्धार्थलाही दिसले असावे, कारण त्याचे बोट फोनवरच थांबले. इकडे व्याही सवयीने खाली वाकून पियानोखाली शिरले होते; त्यांचे नुसते पाय बाहेर दिसत होते. मला वाटले, हा दिवस आता असाच बुडणार: दोन पियानो, दोन रुसलेली माणसे, आणि मधे एक बाई, जिला या दोन आठवड्यांत कुणी काही विचारलेच नव्हते.

"मी…" विहीणबाई म्हणाल्या.

"पाणी देऊ आई?" प्रज्ञा म्हणाली.

"घरी जायचंय का?" सिद्धार्थ म्हणाला.

"गप बसा!" पियानोखालून आवाज आला. "सगळे गप बसा. तिला बोलू द्या."

आम्ही गप बसलो. बाहेर कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होते. विहीणबाई एकेक पायरी चढत होत्या आणि आम्ही खाली उभे राहून वाट बघत होतो.

"मी… वाजवलं… तर… ह्याच्या… ध्यानात… राहतंय का?"

कुणालाच ठाऊक नव्हते. मित्र म्हणाला, "काकू, मला आपलं एकच बटन माहीत." सिद्धार्थ घाईघाईने फोनवर शोधू लागला. "आहे," तो म्हणाला. "आहे, आई! राहतं. तू वाजवशील ते तसंच्या तसं राहतं. नंतर हाच पट्ट्या दाबतो."

विहीणबाई बाकाच्या उजव्या टोकाला सरकून बसल्या आणि त्यांनी डावा हात वरच्या सुरांवर ठेवला. पेटीवाल्याच्या डाव्या हाताला सूर माहीत नसतात. जन्मभर तो भाता हलवतो. पण हा हात हळूहळू चालू लागला. विहारातल्या बायकांनी स्वतःच बांधलेले एक गाणे होते, प्रज्ञाने लगेच ओळखले. मधे एका जागी हात अडला. थांबला. पुढचा सूर शोधला, सापडला, आणि गाणे शेवटापर्यंत गेले. प्रज्ञाने तोंडावर पदर घेतला होता. नंतर तिने मला सांगितले, की गेले काही महिने आईंची डावी बोटे खुर्चीच्या हातावर सतत हलायची. हाही हात आता कापायला लागला, असे समजून या लोकांनी डॉक्टरांना सांगितले होते, आणि डॉक्टरांनी एक गोळी वाढवून दिली होती.

"आता… लाव," विहीणबाई म्हणाल्या.

सिद्धार्थने बोट टेकवले. वरच्या पट्ट्या एकेक करून खाली जाऊ लागल्या. समोर हात नव्हता, पण चाल त्यांची होती. विहीणबाई तोवर पाय ओढत बाकाच्या डाव्या टोकाला सरकल्या होत्या. त्यांनी डावा हात खालच्या जाड सुरांवर ठेवला, दोनतीन पट्ट्या ऐकून घेतल्या, आणि आपल्याच गाण्याला साथ धरली. दोन हात वाजत होते. दोन्ही त्यांचेच होते.

बाहेर एकाएकी डीजे कडाडला. वऱ्हाड आले. मित्र हवालदिल होऊन म्हणाला, "काकू, काकू, आली माणसं…" विहीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. काचा थरथरत होत्या, दारातून फेटे आत येऊ लागले होते, आणि त्या मान जरा खाली घालून, आपले ऐकू येईल तेवढे ऐकत, वाजवत होत्या. मी खाली वाकलो. व्याही पियानोखाली उताणे पडले होते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक वर लाकडाला टेकवलेले, मूठ कानात दाबून धरलेली, डोळे मिटलेले.

"व्याही, या बाहेर. माणसं आली."

"थांबा," ते म्हणाले. "चेक करतोय."

गाणे संपल्यावरही ते थोडा वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा केसांत धूळ होती आणि चष्मा खिशात होता. सिद्धार्थकडे न बघता ते म्हणाले, "सांग तुझ्या दोस्ताला. न्यायचा म्हणावं."

"टेस्ट, पप्पा?"

"झाली."

एवढेच. बापलेकांनी एकमेकांची माफी वगैरे मागितली नाही. पियानोचे एक टोक त्याने धरले, दुसरे ह्यांनी, आणि वऱ्हाडाला वाट करून देण्यासाठी तो भिंतीकडे सरकवताना "तुझ्याकडनं उचल, गाढवा," असे व्याही म्हणाले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

रविवारी सकाळी मात्र ते एकटेच पुन्हा गोदामात गेले. जुन्या पियानोची एक गळती राहिली होती, ती त्यांनी व्यापाऱ्याचा टेम्पो यायच्या आत काढली. "जाईल तिथं नीट वाजावं," म्हणाले. टेम्पोत चढवताना स्वतः खाली उभे राहून "हळू, हळू बे" करत राहिले, आणि घरी येऊन जेवायला बसले. विहीणबाईंनी त्यांना वाढले. डाव्या हाताने वाढले, थोडी आमटी सांडली, आणि प्रज्ञा उठू लागली तशी व्याह्यांनी तिला डोळ्यांनीच बसवले.

गेल्या महिन्यात मी कामाने परळीला गेलो होतो. विहीणबाई लातूरला बहिणीकडे गेल्या होत्या, महिनाभरासाठी. दुपारची वेळ, घरात व्याही एकटे. त्यांनी स्वतः चहा केला, गाळताना रंग दोनदा उजेडात धरून पाहिला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग जरा ओशाळल्यासारखे होऊन ते उठले, पियानोवरची चादर काढून नीट घडी घातली आणि फोनवर हळूच बोट टेकवले. पट्ट्या दबू लागल्या. तेच विहारातले गाणे. आम्ही दोघे दोन खुर्च्यांवर, बाकावर कुणी नाही. गाणे चालत चालत त्या जागी आले आणि अडले.

मी आपले सहज म्हणालो, "सिद्धार्थला सांगितलं तर तेवढं काढून टाकता येईल."

"न्हाई," व्याही म्हणाले. "राहू द्या. तिथं ती श्वास घेती."

मग आम्ही पुढचा सूर यायची वाट बघत बसलो.